हिरव्यातले तीन पिवळे बदाम

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही गार जमिनीवर मांडी घालून बसला आहात. उजव्या हाताला एक टोपली, डाव्या हाताला दुसरी. दोन्हींत भाजलेल्या मातीचे, बदामाच्या आकाराचे तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या एका अंगाला चकचकीत रंग आहे, दुसरं अंग नुसतं मातीचं. आता हे तुकडे जमिनीवर एकमेकांना खेटून मांडायचे, त्यांची फुलं करायची, चांदण्या करायच्या. पण रंगाचं तोंड खाली ठेवायचं! वर दिसते ती सगळी माती. मांडून झालं की त्यावर चुन्याचा मसाला ओतायचा, तो काही दिवस वाळू द्यायचा, आणि मग अख्खी पाटी उचलून भिंतीला उभी करायची. आपण काय केलं ते तेव्हा पहिल्यांदा दिसणार. तोवर सगळं चित्र डोक्यात ठेवायचं आणि हातावर विश्वास टाकायचा.

सोपं नाही. पण फेझच्या जुन्या शहरातल्या मालेम तहामींना ते पंचावन्न वर्षं जमत होतं. मालेम म्हणजे आपल्या कामातला उस्ताद. गल्लीतले लोक म्हणत, तहामींनी झोपेत मांडलं तरी चांदणीचं टोक हलायचं नाही.

दहा वर्षांची शामा ही त्यांची नात. त्या शहरातली मुलं आजोबांना बा सीदी म्हणतात, तशी तीही म्हणायची. वसंतातल्या सुट्टीत ती रोज बा सीदींबरोबर कामावर जाई. काम चाललं होतं लल्ला नझीहांच्या, म्हणजे नझीहाबाईंच्या घरी. लल्ला नझीहा याच शहरात जन्मलेल्या, पण तीस वर्षं बेल्जियममध्ये नर्स म्हणून राहून आलेल्या. परत आल्यावर त्यांनी सुतारांच्या गल्लीतलं एक पडायला आलेलं चौकाचं घर घेतलं, आणि ते दुरुस्त करून तिथे पाहुणे ठेवायचं ठरवलं. छत सुतारांनी सावरलं, भिंती गवंड्यांनी, आणि चौकातलं भिंतीतलं कारंजं आलं मालेम तहामींकडे.

शामाकडे एकच काम होतं. तांदूळ निवडावेत तसे तुकडे निवडायचे. हिरवे या टोपलीत, मधासारखे पिवळे त्या टोपलीत. बा सीदी कुणाच्या हातून तुकडा घेत नसत. म्हणत, "माझ्या हातात काही देऊ नका. मला टोपली द्या, नीट निवडलेली. हात त्याचं तो बघेल." आणि त्यांचा हात खरंच बघायचा. डोळे मांडणीवर, हात टोपलीत, पुन्हा मांडणीवर.

त्या दिवशी कारंज्याच्या मधल्या फुलाचं काम होतं. मध्ये पांढरी चांदणी, तिच्याभोवती सोळा हिरव्या बदामांचं कडं, आणि त्याच्या बाहेर पिवळ्या बदामांचं. बा सीदी नमाजाआधी हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात गल्लीतून हा गोंधळ ऐकू आला.

"बालाक! बालाक! सरका!" खेचरवाला ओरडत होता.

"कुठे सरकू, भिंतीत?" कुणीतरी बाई म्हणाली.

मग अल्लालचा आवाज. अल्लाल हा बा सीदींचा हाताखालचा कारागीर, तिशीचा, हातापेक्षा तोंडाने जास्त चालणारा. तो दारातून आत ओरडला, "मालेम, तुमचं संगमरवरी कुंड आलंय! पण खेचराचा विचार बदललाय!"

"ढकला ना त्याला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"ढकलू नका हो," ती बाई म्हणाली, "माझ्या नवऱ्यासारखं दिसतंय. ढकललं की बसेल."

आणि ते बसलं! पाठीवरच्या कुंडासकट, गल्लीच्या अगदी मधोमध. हसण्याचा असा लोट उठला की शामा ताडकन उभी राहिली. तिच्या पायाचा धक्का लागून एक टोपली कलंडली, आणि ती दुसरीवर आपटून दुसरीही कलंडली.

हिरवे आणि पिवळे सगळे एकत्र!

शामा खाली बसली. जे तुकडे रंग वर करून पडले होते ते तिने भराभर वेचले. ते सोपं होतं. पण निम्मेअधिक तोंड खाली करून पडले होते, सगळे एकसारखे मातकट. एकेक उलटून बघायला हवा होता. बाहेर खेचरवाला खेचराला हात जोडून विनवत होता, पोरं टाळ्या वाजवत होती, आणि हे सगळं आत्ता, या क्षणी संपून जाईल असं शामाला वाटलं. मग तिने काय केलं? हिरव्या टोपलीच्या बाजूला पडलेले ते हिरवे, पिवळ्याच्या बाजूला पडलेले ते पिवळे, असं म्हणून दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून टोपल्यांत टाकले आणि पळाली.

खेचर उठायला बराच वेळ लागला. ती परत आली तेव्हा बा सीदी जागेवर बसले होते.

"शामे, निवडून झालं?"

"झालं, बा सीदी."

"एकेक बघितलास?"

"एकेक."

त्यांनी मान हलवली आणि हात टोपलीत घातला.

पाटी उचलायच्या दिवशी सगळे जमले. लल्ला नझीहा कॅमेरा घेऊन आल्या. शामाची आई सादिया, जी कामाच्या माणसांसाठी तिथे स्वयंपाक करत होती, ती ओले हात पुसत दारात उभी राहिली. चौघांनी बिस्मिल्ला म्हणून पाटी उचलली, भिंतीला टेकवली. अल्लालने ओल्या स्पंजने वरचा चुना पुसला. आधी कडेचा निळा निघाला, मग पांढरा, मग चांदणी. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अल्लाह!" निघालं.

आणि मग अल्लाल थांबला. पुसलेली जागा त्याने पुन्हा पुसली.

"मालेम," तो म्हणाला, "तुमच्या हिरव्या बागेत तीन पिवळी मांजरं शिरलीत."

सोळा हिरव्या बदामांच्या कड्यात तीन बदाम मधाच्या रंगाचे होते. दोन शेजारी शेजारी, आणि एक पलीकडे, एकटा. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

बा सीदी जवळ गेले. त्यांनी त्या तिन्ही तुकड्यांवरून अंगठा फिरवला, जणू रंग पुसला जाईल. मग ते मागे वळले आणि शामाकडे बघून हळूच, न रागावता म्हणाले, "पोरी, टोपली बरोबर होती ना?"

सगळे शामाकडे बघत होते. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे फार सोपं होतं, एक शब्द पुरला असता. पण तो शब्द सगळ्यांसमोर उचलायचा होता, आणि तिला तो त्या संगमरवरी कुंडापेक्षा जड वाटला.

"बरोबर होती," ती म्हणाली.

"मग हात चुकला," बा सीदी म्हणाले. स्वतःशीच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं.

ते लगेच तिथेच तुकडे कोरून काढून बदलायला निघाले होते. एका दिवसाचं काम, म्हणाले. लल्ला नझीहांनीच अडवलं. "अहो मालेम, राहू दे! किती गोड दिसतंय. मी वाचलंय कुठेतरी, जुने कारागीर मुद्दाम एक चूक ठेवायचे. परिपूर्ण फक्त अल्लाह, म्हणून."

"आमच्यात कुणी मुद्दाम ठेवत नाही, लल्ला," बा सीदी म्हणाले. "चुका आपल्या आपण येतात."

पण घर लल्ला नझीहांचं होतं. तीन पिवळे बदाम राहिले.

त्यानंतर बा सीदी बदलले. घरच्यांना ते हळूहळू कळलं, शामाला लगेच. पूर्वी त्यांचा हात टोपलीत सरळ जायचा. आता जाता जाता थबकायचा, तुकडा वर यायचा, उलटला जायचा, डोळ्यांजवळ नेला जायचा, पुन्हा उलटला जायचा. दुपारपर्यंत जिथे तीन फुलं व्हायची तिथे एकही होईना. एकदा त्यांनी अल्लालला म्हटलेलं तिने ऐकलं, "जरा तू बघ रे, मी बरोबर घेतलाय ना?" आणि अल्लालने, त्या वाचाळ अल्लालने, काही विनोद न करता "बरोबर आहे, मालेम" म्हटलं. तो विनोद करत नाही याचंच शामाला भय वाटलं.

सांगावं असं तिला रोज वाटे. पण पहिल्या दिवशी सांगायला जेवढी लाज वाटली असती, त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त वाटत होती, कारण आता एका दिवसाची लपवाछपवीही सांगावी लागणार होती. अशी ती रोज थोडी थोडी वाढत गेली. शाळा सुरू झाली, उन्हाळा गेला, डाळिंबं पिकली.

आणि डाळिंबांच्या दिवसांत लल्ला नझीहांचं घर उघडलं. त्यांनी निरोप पाठवला, "ज्यांनी घर उभं केलं त्यांनी आधी तिथे राहावं. मालेमांनी सगळ्यांना घेऊन गुरुवारी यावं, शुक्रवारचं कुसकुस इथेच खाऊन मग जावं. टँजियरहून पहिले पाहुणेही तेव्हाच येतायत, त्यांनाही भेटता येईल."

शामाची आई दोन दिवस हरखून गेली होती. सगळ्यात चांगला कफ्तान काढला, शामाची वेणी दोनदा घातली. पण त्या घरात पाऊल ठेवल्यावर मात्र तिला काय करावं कळेना. त्यांना दिलेली खोली चौकातच, कारंज्यासमोर होती. इतका उंच पलंग, इतक्या पांढऱ्या चादरी!

"बसू नकोस त्यावर," ती शामाला म्हणाली. "चुरगळेल."

"आई, आपण झोपणार आहोत त्यावर."

"झोपू तेव्हा झोपू. आत्ता उभी राहा."

"सादिया," बा सीदी म्हणाले, "मग मी पण उभ्यानेच झोपू का?" कितीतरी दिवसांनी ते असं काही बोलले. आई हसली. शामाही हसायला गेली, आणि तेवढ्यात तिला उघड्या दारातून समोरचं कारंजं दिसलं.

कारंज्याशेजारी भिंतीवर काहीतरी चमकत होतं. ते पूर्वी नव्हतं. पितळेची एक छोटी पाटी.

चहाच्या वेळी सगळे चौकात जमले. टँजियरचे पाहुणे आले, सी मुराद नावाचे एक इंजिनिअर आणि त्यांची बायको, दोघंही साधे, हसतमुख. आई चहाचे पेले उचलायला उठली तेव्हा लल्ला नझीहांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "आज तू पाहुणी. बस गं बाई, माझं ऐक!" आई बसली, पण तिचे हात मांडीवर उगीच काहीतरी शोधत राहिले.

"शामे," बा सीदी म्हणाले, "ते पितळेवर काय लिहिलंय? वाच बघू." त्यांना वाचता येत नव्हतं. शाळेतून आल्यावर शामाच त्यांना सगळं वाचून दाखवायची, औषधांच्या बाटल्यांवरचंसुद्धा.

शामा पाटीजवळ गेली. अक्षरं सुंदर होती. तिने मनात वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"अगं, मोठ्याने."

"'हे कारंजं'," ती वाचू लागली, "'मालेम तहामी यांच्या हातचं. जुन्या रीतीला धरून मालेमांनी... नम्रतेने यात तीन तुकडे मुद्दाम चुकीचे ठेवले आहेत. शोधा पाहू.'"

"सापडले!" सी मुरादांची बायको टाळी वाजवून म्हणाली. "इथे दोन, आणि तो एक. किती सुंदर विचार आहे! मालेम, तीनच का? त्याला काही अर्थ आहे का?"

लल्ला नझीहा कौतुकाने बा सीदींकडे बघत होत्या. त्यांनी हे प्रेमाने केलं होतं, हे शामालाही कळत होतं. म्हणूनच ते बघवत नव्हतं.

बा सीदींनी पेला खाली ठेवला. "अर्थ नाही, लेकी," ते म्हणाले. "आणि नम्रताही नाही. हात चुकला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा, आणि एकदम तीनदा." मग लल्ला नझीहांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "लल्ला, तुम्ही माझी अब्रू झाकायला बघितलीत. देव तुमचं भलं करो. पण आधी नुसती चूक होती माझ्या नावावर. आता खोटंही आलं. तेही पितळेत."

लल्ला नझीहांचा चेहरा उतरला. "मालेम, मी तर..."

"कळतं मला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उद्या अल्लाल जेवायला येतोय. त्याला माझा तुकडे घडायचा हातोडा देऊन टाकणार आहे. बापाने मला दिला होता. चांगल्या हातात गेला पाहिजे, वेळेवर. ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही त्याने हातोडा कवटाळून बसू नये."

आई म्हणाली, "बाबा, असं काय बोलता..." पण ते उठून खोलीत गेले होते.

शामा पाटीसमोर तशीच उभी होती. ते खोटं आपणच लिहिलं, आपणच वाचून दाखवलं, असं तिला वाटलं. पितळेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, वाकडंतिकडं आणि पिवळं.

दुसऱ्या दिवशी पुरुष दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले, आई आणि लल्ला नझीहा स्वयंपाकघरात कुसकुसचा रवा वाफवत होत्या, आणि आई शेवटी एकदाची खूश होती कारण तिला कांदे चिरायला मिळाले होते. शामा जिन्याखालच्या कोठीत गेली. उरलेलं सामान तिथे ठेवलंय हे तिला माहीत होतं. चुन्याची पोती, दोऱ्या, आणि तिथेच त्या टोपल्या, वर धूळ बसलेली.

हिरवी टोपली अर्धी भरलेली होती. शामाने ती उजेडात ओढली आणि एकेक तुकडा उलटून बघू लागली. हिरवा. हिरवा. हिरवा. बराच वेळ सगळे हिरवेच निघाले, आणि तिच्या मनात एक विचित्र आशा उगवली, की खरंच टोपली बरोबर असेल, खरंच बा सीदींचा हात चुकला असेल. आशा कसली ती! आपल्याला असं वाटलं हे लक्षात आल्यावर तिला इतकी शरम वाटली की तिने डोळे घट्ट मिटले.

पुढच्याच मुठीत एक पिवळा निघाला. आणि तळाशी आणखी एक.

तिने दोन्ही मुठीत धरले. कोठीच्या कोपऱ्यात सांडपाण्याचं भोक होतं. दोन छोटे तुकडे, कुणाला आवाजही आला नसता. मग जगात शामाखेरीज कुणालाच काही कळलं नसतं. ती त्या भोकापर्यंत गेली, तिथे उभी राहिली. मग मूठ तशीच झग्याच्या खिशात घालून बाहेर आली. टाकले नाहीत, पण दाखवायचंही ठरलं नव्हतं.

जेवणाला सगळे एका मोठ्या परातीभोवती बसले. अल्लाल नवा पांढरा पायघोळ जेलाबा घालून आला होता. त्याला काही माहीत नव्हतं. "काय हो मालेम," तो बसता बसता म्हणाला, "पलंग कसा होता? मी ऐकलं, पाहुणे लोक त्यावरून पडतात आणि पडायचेही पैसे देतात!"

सी मुराद मोठ्याने हसले. बा सीदी नुसते हसल्यासारखं करून म्हणाले, "खा, खा."

सगळे आपापल्या समोरचं खाऊ लागले. शामा डाव्या हाताने खिसा दाबून उजव्याने नुसतं कुसकुस उकरत होती. बा सीदींनी परातीतल्या मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा बोटांनी सोडवला, त्यावर कांदा-मनुकांचा गोड थर ठेवला, आणि तो हळूच सरकवत शामाच्या बाजूला आणला. ते दर शुक्रवारी असंच करत. तिच्याकडे बघतही नसत, नुसता हात यायचा.

तो तुकडा तिच्यासमोर येऊन थांबला. शामाने त्याला हात लावला नाही.

"खा की गं," आई म्हणाली. "बा सीदींनी दिलंय."

हात धुऊन झाले. बा सीदींनी शेजारी ठेवलेलं निळं फडकं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती. "अल्लाल," ते म्हणाले, "इकडे ये, समोर बस."

अल्लालने फडक्याचा आकार ओळखला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मालेम, हे काय? नाही. मी नाही घेणार."

"बस म्हणतो ना."

गाठ सुटली. हातोड्याचं लाकूड वापरून वापरून काळं झालं होतं, मुठीच्या जागी बारीक. बा सीदींनी तो दोन्ही हातांवर आडवा धरला.

"टोपली चुकीची होती," शामा म्हणाली.

आवाज इतका लहान निघाला की आईने विचारलं, "काय गं?"

शामा उभी राहिली. खिशातून मूठ काढून तिने उघडली. घामाने ओले झालेले दोन पिवळे बदाम. "हिरव्या टोपलीत हे अजून होते. ती मी सांडली होती. खेचर बसलं होतं तेव्हा. मी सगळे उलटून बघितले नाहीत. बघितले म्हणून सांगितलं. तुमचा हात नाही चुकला, बा सीदी. मी... मीच."

   आईने कपाळावर हात ठेवला.

बा सीदींनी हातोडा मांडीवर ठेवला. एक पिवळा बदाम तिच्या तळव्यावरून उचलला, उलटला, मातीचं अंग बघितलं, पुन्हा रंगाचं बघितलं.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "दोनदा."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर जास्त वाटली."

 तिला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "तू म्हणालीस टोपली बरोबर आहे. म्हणून मी माझ्या हाताला खोटं म्हटलं. सात महिने. या हाताला." त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "तुझ्या शब्दावर एवढा भरवसा होता माझा."

शामाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. पुसायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

बा सीदींनी हातोडा उचलला. फडक्यात बांधला नाही, अल्लालकडेही दिला नाही. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि कारंज्यापाशी गेले. "अल्लाल, तुझी बारीक छिन्नी कुठाय?"

"घरी. पळत आणतो!" अल्लाल जेलाबा वर धरून धावत सुटला. दारातून त्याचा आवाज आला, "मांजरं हाकलायची ना, मालेम? आणतो, आणतो!"

"मालेम, आत्ता? शुक्रवारी?" लल्ला नझीहा म्हणाल्या. मग त्या स्वतःच पितळेच्या पाटीजवळ गेल्या आणि नखाने तिचा स्क्रू फिरतो का ते बघू लागल्या. सी मुराद उठून म्हणाले, "थांबा, माझ्या गाडीत स्क्रू काढायचं हत्यार आहे, पण गाडी वेशीबाहेर आहे," आणि तेही निघाले.

अल्लाल छिन्नी घेऊन परतला आणि काम सुरू झालं. बा सीदींनी छिन्नी लावली, हातोड्याचे छोटे छोटे ठोके दिले. टक, टक, टक. हात एकदाही थबकला नाही. पहिला पिवळा बदाम सुटून कुंडाच्या पाण्यात पडला, मग दुसरा, मग तो पलीकडचा एकटा. भिंतीत तीन रिकाम्या जागा राहिल्या. अल्लालने वाटीत मसाला कालवला.

शामा हिरवी टोपली घेऊन बाजूला उभी होती. ती तिला कुणी आणायला सांगितली नव्हती. ती त्यांच्या उजव्या हाताशी ठेवावी का, की अल्लालकडे द्यावी, तिला कळत नव्हतं. तिच्या हातची टोपली आता कोण घेणार?

बा सीदींनी मागे बघितलं नाही. चेहरा अजून कठोरच होता, नजर भिंतीतल्या रिकाम्या जागेवर. त्यांनी फक्त आपला उजवा हात मागे केला, तळवा वर, तिच्या दिशेने. पंचावन्न वर्षांत त्यांनी कुणाच्या हातून तुकडा घेतला नव्हता.

"हिरवा," ते म्हणाले.

शामा टोपली घेऊन जमिनीवर बसली. वरचा तुकडा हिरवाच दिसत होता, रंगाचं तोंड वर होतं. तरी तिने तो उचलून उलटा केला आणि मातीचं अंग बघितलं. पुन्हा सुलटा केला. झग्याच्या टोकाने धूळ पुसली. उठून चौकाच्या मधोमध, जिथे वरून ऊन पडत होतं तिथे गेली आणि तो उन्हात धरला. बा सीदींचा हात तसाच मागे पसरलेला होता, आणि अल्लालच्या वाटीतला मसाला घट्ट होत चालला होता, तरी कुणी तिला घाई केली नाही.

मग ती परत आली आणि तिने तो हिरवा बदाम त्यांच्या तळव्यावर ठेवला. तो ठेवून झाल्यावर ती पुन्हा टोपलीपाशी बसली आणि दुसरा बदाम उलटून बघू लागली.